हजार वर्षांचं गाडगं

पहिल्याच भेटीत मनोहरकाकांनी आमची वीट चाटली.

खरं सांगते, चाटली. रायपूरच्या बुढापाऱ्यातला तो जुना प्लॉट आम्ही नुकताच घेतला होता. मागे एक पडकी खोली, पुढे आंगण, कोपऱ्यात बिहीचं झाड. बिही म्हणजे पेरू. इथं पेरू म्हटलं की भाजीवाली आपल्या तोंडाकडे पाहत राहते. मी कागदांची पिशवी घेऊन फाटकात उभी होते, तेवढ्यात शेजारच्या घरातून एक उंच, वाळकेसे म्हातारे बनियनवरच आत आले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पडक्या भिंतीतून निखळलेली एक वीट त्यांनी उचलली, फुंकर मारली, पायजम्याला पुसली आणि चक्क जीभ लावली.

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"भोसल्यांच्याही नंतरची आहे," ते म्हणाले. "कालची गोष्ट. पाडा बिनधास्त."

मग जीभ आत घेऊन, अगदी सभ्यपणे, "तुम्ही नवीन शेजारी नं? चहा घेता?"

मी इतकी हादरले होते की हो म्हणून गेले. चहा पिताना कळलं की यात वेड वगैरे काही नाही, हा त्यांचा धंदाच होता. "जुनं हाड जिभेले चिकटते, दगड चिकटत नाही. साहेब लोक भिंग लावत, आम्ही जीभ लावो," असं त्यांनी समजावलं आणि बशीतलं बिस्किट उचललं. ते बिस्किट त्यांनी आधी तपासलं की सरळ खाल्लं, हे पाहायची माझी हिंमत झाली नाही.

काकांचं सगळं आयुष्य खापरांत गेलं. जिथं उत्खनन चालतं तिथं मातीतून टोपल्या टोपल्या खापराचे तुकडे निघतात. ते धुवायचे, वाळवायचे आणि एकेका तुकड्यावर काळ्या शाईनं लिहायचं: गाव कोणतं, खड्डा कोणता, थर कोणता. हे लिहिण्याचं काम काकांकडे होतं. पस्तीस वर्षं. खणणारे साहेब वेगळे, पेपरात फोटो येणारे साहेब त्याहून वेगळे. काका मांडवाखाली चटईवर मांडी घालून मुंगीएवढ्या अक्षरात नंबर टाकत बसत. "मले आयुष्यात एक मणीही सापडला नाही," ते म्हणत. "लोकायले सापडलं ते मी लिहिलं." हे ते हसत सांगत. दुसऱ्यांदा सांगत तेव्हा हसत नसत.

रिटायर झाल्यावर हात थांबायला हवा होता. थांबला नाही. पहिल्या संक्रांतीला मी त्यांच्याकडे तिळगुळाची वाटी पाठवली. वाटी परत आली ती बुडावर अक्षरं घेऊनच: बु.पा., उत्तर शेजार, वरचा थर. मी राखेनं घासली, घासणीनं घासली, निघेल तर शपथ. वरून वॉर्निश मारलं होतं.

"अहो काका, स्टीलची वाटी आहे ही!"

"म्हणूनच तर. उद्या दुसऱ्या कोणाच्या घरात निघाली, तर कुठली म्हणायची? जागा सुटली की वस्तू मुकी होते."

"माझ्या कवळीवरही लिहिलं आहे त्यायनं," कुसुमकाकूंनी स्वयंपाकघरातून सांगितलं. मी हसले. काकू बाहेर आल्या, कवळी काढली आणि दाखवली. मी हसायची थांबले.

पाचशे वर्षांच्या आतलं सगळं काकांच्या लेखी 'कालची गोष्ट'. रायपुरातली आपली जुनी मराठी घरं ऐटीत सांगतात, आमचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर आले. काकांचे पूर्वजही तसेच आले होते. पण कोणी तो विषय काढला की ते म्हणत, "कालची गोष्ट. अजून पाय धुतले नाहीत आपण." एकदा गुडघा फार दुखायला लागला म्हणून मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कब से है? काका म्हणाले, कल से. डॉक्टरांनी ताज्या दुखापतीचा मलम दिला, पट्टी बांधली, आराम करायला सांगितलं. घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "अगं बाई, सव्वीस वर्षं झाली त्या गुडघ्याले!" मी कपाळावर हात मारून घेतला. काकांना त्यात काही चुकलं असं वाटलंच नाही.

आणि भांडण असो, आजार असो, लग्न मोडलेलं असो, त्यांचा प्रश्न एकच: "थर कोणता?" माझं आणि आमच्या ह्यांचं एकदा प्लॉटवरच नव्या घराचा दरवाजा कोणत्या दिशेला ठेवायचा यावरून जुंपलं. हे उरल्याच्या कारखान्यांत, रोलिंग मिलमध्ये कामाला, शिफ्टवरून आलेले, झोप अर्धवट, त्यामुळे आवाज चढलेला. भिंतीपलीकडून काका म्हणाले, "दरवाजा हा वरचा थर आहे. खाली जा. खाली काहीतरी वेगळंच निघते." इतका राग आला! मग खाली गेलो, तर खरंच वेगळं निघालं. काय निघालं ते सांगत नाही.

तर असे काका. आता त्या खड्ड्याचं सांगते.

इतकी वर्षं आम्ही त्याच गल्लीत भाड्यानं राहत होतो; या उन्हाळ्याच्या तोंडी बांधकाम काढलं. पडकी खोली पाडली. आठ पिलर, आठ खड्डे. मिस्त्री फिरतूराम, पुरानी बस्तीकडचा, पन्नाशीच्या आतला, कामाला चोख. पहिल्याच दिवशी अकरा वाजता त्याचा ऑफिसात फोन आला. "दीदी, जल्दी आवव. कका ह गड्ढा म बइठ गे हे."

काका खड्ड्यात बसलेत! म्हटलं पडले की काय! विम्याच्या फायली तशाच टाकून ऑटोनं धावत आले. काका पडले नव्हते. बिहीच्या झाडाजवळ जिथं आठव्या पिलरची चुन्याची खूण होती, तिथं हातभर खड्डा झाला होता आणि काका त्यात बसले होते. डोक्यावर टोपी, हातात खुरपी, बाजूला ब्रश, चाळणी आणि स्वयंपाकघरातला मोठा चमचा.

"सात खड्डे तुमचे," ते म्हणाले. "हा माझा."

"काहून?"

"इथं जुनं आहे."

"किती जुनं?"

काकांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "हजार वर्षं."

मी मटकन विटांच्या ढिगावर बसले. आमच्या सगळ्या मोहल्ल्याला ज्या माणसानं कधी तीनशेच्या वर वर्षं दिली नाहीत, तो सरळ हजार म्हणत होता! माझ्या डोळ्यांपुढे तारेचं कुंपण आलं, सरकारी पाटी आली, आणि त्या पाटीआड माझं स्वयंपाकघर गेलं.

"तुमच्या खात्याले कळवता का आता?" मी भीतभीत विचारलं.

"छे छे! कोणाले म्हणजे कोणाले सांगू नका. मी हातानं काढतो. दहा दिवस द्या मले. फक्त कुदळ लागू देऊ नका. ते अख्खं निघालं पाहिजे, बाई. फुटलं नाही पाहिजे."

आता चाट पडायची पाळी माझी होती. बाटलीचं झाकण सापडलं तरी ज्याला नोंद हवी, तो माणूस कोणाला सांगू नका म्हणत होता. मग माझी मीच समजूत घातली. जन्मभर दुसऱ्यांच्या वस्तूंवर नंबर टाकले, आता म्हातारपणी एक वस्तू स्वतःच्या हातानं काढायची असेल. एवढं तर आपण देऊ शकतो. मी हो म्हटलं, आणि फिरतूला सांगितलं, आठवा खड्डा सोडून बाकीचं कर.

काका दिवसाला चार बोटं खाली जात. चमच्यानं माती काढायची, चाळायची, ब्रश मारायचा, वाकून पाहायचं. माती वाहणाऱ्या रेजा बायकांना त्या बाजूनं फिरकायची मनाई. आमचे हे उरल्याहून येऊन उभे राहिले, तर काकांनी त्यांना जाड बूट काढायला लावले. ह्यांनी काढले! माझ्या सांगण्यावरून जे कधी घराच्या उंबऱ्यावरही निघत नाहीत, ते बूट खड्ड्याच्या काठावर निघाले. फिरतू मला म्हणाला, "दीदी, ए रफ्तार म त मोर नाती ढलाई करही." म्हणजे या वेगानं आमचा स्लॅब त्याचा नातू टाकणार.

काकू रोज दुपारी भिंतीशी येऊन उभ्या राहायच्या. काही बोलायच्या नाहीत. काका मान हलवायचे, मग त्या परत जायच्या. मला वाटायचं, जेवायला बोलावतात आणि म्हातारा नाही म्हणतो.

सहाव्या दिवशी काका मला म्हणाले, "अंदाज चुकला वाटते. वर भर पडली आहे." त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मी कशाचा अंदाज हेही विचारलं नाही. नवव्या दिवशी त्यांच्या हातातला चमचा दोनदा खाली पडला. म्हटलं, काका, राहू द्या, पुरे. ते म्हणाले, "दोन दिवस. हात जोडतो." मला फार वाईट वाटलं. एका खापरासाठी कोणी असे हात जोडतं का!

अकराव्या दिवशी ते दिसलं. ऑफिसात फिरतूचा फोन, आणि फोनमागे लोकांचा गलका. मी पोचले आणि फाटकातच थिजले. आंगणात तीस-चाळीस माणसं. खड्ड्याच्या काठावर उदबत्त्या. कोणी हळद शिंपडली होती, कोणी नारळ फोडला होता. एक बाई मला, म्हणजे जागेच्या मालकिणीला, विचारत होती की देवाचा वार कोणता धरायचा. एकजण ठाकुरदेव निघाला म्हणत होता, दुसरा म्हणत होता देव कसला, सोनं असणार.

आणि खड्ड्यात काका, मांडीवर एक छोटं मातीचं गाडगं, तोंडावर परळाचं मातीचं झाकण बसवलेलं. या वेळी त्यांनी जीभ लावली नव्हती. नुसतं दोन्ही हातांत धरून बसले होते.

माझा जीव घाबराघुबरा झाला. सोनं निघालं तर पोलीस, देव निघाला तर मंदिर. कसंही केलं तरी आमचं घर गेलं. "काका," मी ओरडले, "उघडा ते. आत्ताच्या आत्ता, सगळ्यायच्या समोर."

"घरी नेऊन उघडतो, बाई."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. कका सोना ले जाही, असं कोणीतरी मोठ्यानं म्हणालं. काकांनी गाडगं छातीशी धरलं. आणि मी, मला आजही ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं, मी म्हटलं, "माझ्या जमिनीतलं आहे ते, काका. उघडा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. भांडले नाहीत. गाडगं खाली ठेवलं, नखानं कडेची माती काढली आणि परळ अलगद उचलला.

आत काळी माती. मातीत एक सुपारी, एक वाळून कोळसा झालेलं हळकुंड, आणि एक नाणं. फिरतूनं नाणं घेतलं, गमछ्याला पुसलं, उन्हात धरलं. दहा पैसे! ते आपलं जुनं, हलकं, काठाला लाटा असलेलं. लहानपणी आम्ही ते पाण्यावर तरंगवायचो.

मग जो हशा उठला! "हजार साल पहिली के दस पइसा!" म्हणून लोक एकमेकांना टाळ्या देत होते. कका सठिया गे हे, म्हणजे म्हातारा भ्रमिष्ट झाला, असं म्हणत गर्दी पांगली. नारळ फोडणारानं आपला नारळ दोन्ही भकलांसकट उचलून नेला.

मी मात्र संतापले होते. अकरा दिवस! अकरा दिवस काम अडवून हे? "काका, पस्तीस वर्षं तुम्ही हेच केलं नं? तुम्हाले कळलं नाही? हजार वर्षं आणि हे कळत नाही?"

काका फिरतूनं परत दिलेल्या नाण्याला ब्रश मारत होते.

तेवढ्यात काकू आल्या. अनवाणी, हात पिठाचे. इतक्या वर्षांत त्या या फाटकातून आत आलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"सापडलं का हो?"

"हव."

"अख्खं?"

"अख्खं. झाकणी हाललीही नव्हती."

काकू खड्ड्याच्या काठावर मातीतच बसल्या. काकांनी गाडगं वर दिलं. त्यांनी ते मांडीत घेतलं आणि कितीतरी वेळ नुसतं पाहिलं.

"एवढंसंच होतं?" त्या म्हणाल्या. "मले वाटे, मोठं असेल."

मग माझ्याकडे वळून, जशा काही माफीच मागत होत्या, "मी पाहिलंच नव्हतं गं बाई. मी त्या खोलीत खाटेवर होती. दाई म्हणे, उठायचं नाही." आणि त्यांनी जिकडे बोट केलं तिथं आम्ही पाडलेल्या खोलीच्या विटा रचून ठेवल्या होत्या.

मी त्या विटांकडे वळून पाहिलं.

लग्नानंतर ती दोघं त्या खोलीत भाड्यानं राहत होती. तिथं त्यांना मुलगी झाली. बाळंतपण झालं की बाळामागून पडलेली वार गाडग्यात घालायची, वर सुपारी, हळकुंड, एक नाणं ठेवायचं, आणि बापानं ते आंगणात पुरायचं, ही आपल्याकडची रीत. काकांनी सकाळीच अंघोळ करून ते पुरलं. मुलगी तीन दिवस जगली. बारसं झालं नाही, फोटो नाही. काकूंना दिसू नये म्हणून मोठ्या माणसांनी दुपटी, टोपडी सगळं वाटून टाकलं. पुढे मूल झालं नाही. काकांनी तेव्हा ही जागा विकत मागितली, तेव्हाच्या मालकानं दिली नाही, म्हणून शेजारची घेतली. ती झाली होती, याची जगात एवढीच खूण होती, आणि मी तिच्यावर पिलर आखला होता.

"काका," मी म्हटलं, "मले सरळ सांगायचं होतं नं. मी नाही म्हटलं असतं का?"

"तुम्ही नसतं म्हटलं." ते नाण्याकडेच पाहत होते. "जमिनीत होतं तोवर मलेही काढायचं नव्हतं. पण पिलर तिथंच येऊन राहिला होता. अन् आमचं आहे म्हटलं असतं, तर लोकायनं कुदळ हळू चालवली असती का? हजार वर्षं म्हटलं की माणूस चप्पल काढते, बाई. पन्नास म्हटलं की म्हणते, फेका." मग म्हणाले, "नोकरीत मी कधी खोटा काळ लिहिला नाही. एकदाही नाही. हे एवढंच बोललो."

मला रडू आलं. लाज वाटत होती म्हणून आलं, आणि ते हात जोडत होते ते आठवलं म्हणूनही आलं. मी काकूंजवळ मातीत बसले. माझं ते 'माझ्या जमिनीतलं' त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं असणार, पण त्यांनी माझ्या पाठीवरून पिठाचा हात फिरवला.

फिरतू इतका वेळ लांब उभा होता. मराठी त्याला अर्धीमुर्धी कळते. तो आला, डोक्याचा गमछा काढून उकिडवा बसला, आणि काकांकडून नाणं घेऊन काकूंच्या हातात देत अगदी हळू आवाजात विचारलं, "कका, कतका जुन्ना आय?" म्हणजे, किती जुनं आहे?

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "येत्या आषाढात सत्तेचाळीस पुरे होतील तिले."

फिरतूनं मान हलवली. "मोर बड़की दीदी के उमर के," तो म्हणाला. म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीएवढी.

"हव," काका म्हणाले.

त्यानं काकांना हात देऊन खड्ड्यातून वर काढलं. काकूंनी नाणं परत आत ठेवलं, परळ बसवला आणि उठल्या. दुपारचा एक वाजला होता, आंगणात उभं राहवत नव्हतं इतकं ऊन होतं. ऊन लागू नये म्हणून काकूंनी गाडग्यावर पदर ओढला, आणि दोघं सावकाश आपल्या घराकडे गेली.